'सेरेमनी' कशी वाचायची: मधल्या ओळी गाळू नका, औषध त्यातच आहे

ही कादंबरी मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा साठेक पानांवर सोडून दिली होती. गोष्ट छान चालू असते, एक तरुण मुलगा लढाईवरून परत आलाय, त्याला झोप लागत नाही, पोटात काही ठरत नाही, आणि एकदम पानाच्या मधोमध कवितेसारख्या तुटक ओळी सुरू होतात. त्यात हमिंगबर्ड आहे, हिरवी माशी आहे, म्हातारं गिधाड आहे. मग त्या थांबतात आणि परत तो मुलगा. मी त्या ओळी ओलांडून पुढे जायचे, म्हटलं हे वातावरणनिर्मितीसाठी असेल, आणि पुढचं काही लागेनाच. काही वर्षांनी परत घेतली तेव्हा उलटं केलं. आधी नुसत्या त्या मधल्या ओळी एकापाठोपाठ एक वाचून काढल्या, तेही मोठ्याने, आणि मग पहिल्या पानापासून कादंबरी. तेव्हा लक्षात आलं की मी गाळत होते तेच तर औषध होतं, बाकीची कादंबरी म्हणजे ते औषध एका माणसाला कसं लागू पडलं त्याची हकिकत.

पुस्तक आहे लेस्ली मार्मन सिल्को यांचं 'सेरेमनी', 1977 सालचं. सिल्को 1948 मध्ये जन्मल्या, वाढल्या अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या लगुना प्वेब्लोमध्ये (प्वेब्लो म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं जुनं गाव, आणि त्या लोकांनाही तेच नाव), अल्बुकर्की शहराच्या पश्चिमेला साधारण सत्तर किलोमीटरवर. घरात लगुना, मेक्सिकन आणि गोरं असं तिन्ही रक्त. कादंबरीचा बराचसा भाग त्यांनी अलास्कात राहत असताना लिहिला, म्हणजे सतत पाऊस पडणाऱ्या गावात बसून कोरड्या गावाची गोष्ट. पुस्तकात पाऊस आणि दुष्काळ इतका अंगावर येतो त्याचं थोडं कारण मला यातच दिसतं.

आता एक शब्द आधी सोडवून घेऊ, कारण आपल्याकडे त्याचा घोळ होतो. रिझर्व्हेशन म्हटलं की आपल्या डोक्यात शिक्षण-नोकरीतलं आरक्षण येतं. अमेरिकेत नेटिव्ह म्हणजे मूळच्या लोकांच्या बाबतीत रिझर्व्हेशन म्हणजे जमीन, एखाद्या जमातीसाठी राखलेला प्रदेश, जिथे त्यांचं स्वतःचं सरकार असतं आणि वरून वॉशिंग्टनचा अंमलही असतो. अनेक जमातींना मूळ जागेवरून हाकलून लांब कुठेतरी अशा जमिनीवर नेऊन ठेवलं. लगुनासारख्या प्वेब्लो लोकांचं वेगळं, ते जिथे शेकडो वर्षं राहत होते तिथेच आहेत, फक्त भोवतालची जमीन कमी कमी होत गेली. म्हणून कादंबरीतला डोंगर, झरा, वाळूचा उतार ह्या नुसत्या वर्णनाच्या जागा नाहीत, प्रत्येक जागेची एक गोष्ट आहे आणि घरातल्या मोठ्यांना ती पाठ आहे. (आणि 'रेड इंडियन' हा आपल्या शाळेच्या पुस्तकातला शब्द कृपया सोडून द्या, तो त्यांना अपमानाचा वाटतो. जमातीचं नाव घेणं सगळ्यात चांगलं.)

नायकाचं नाव टायो. इथे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा एक गोष्ट सोपी जाते. इंग्रजीत सगळे आपले अंकल आणि आंटी, त्यामुळे घराची रचना कळत नाही. आपल्या नात्यांच्या शब्दांत सांगितलं की चित्र लगेच उभं राहतं. टायोची आई त्याला चार वर्षांचा असताना माहेरी सोडून गेली. तो वाढला मावशीकडे. घरात आईची आई, म्हणजे आजी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. जोसाया हा मामा. रॉकी हा मावसभाऊ. म्हणजे सगळं आईकडचं घर, आणि लगुनात कूळ आईकडूनच चालतं, त्यामुळे मुलगा खरं तर पूर्णपणे घरचा आहे. पण बाप कोणीतरी गोरा, अनोळखी, आणि मावशी ते त्याला एक दिवस विसरू देत नाही. ती त्याला जेवू घालते, वाढवते, आणि शेजाऱ्यांसमोर आपण केवढा भार वाहतोय हेही दाखवते. ही मावशी मला पुस्तकातली सगळ्यात खरी बाई वाटते, अशी माणसं आपल्याही प्रत्येक घराण्यात एखादी असते.

रॉकी हुशार, फुटबॉलचा स्टार, त्याला शाळेत शिकवलंय की जुनं सगळं सोडलंस तर पुढे जाशील. दुसऱ्या महायुद्धात दोघं सैन्यात भरती होतात. त्या दिवशी रॉकी त्याला पहिल्यांदा भाऊ म्हणतो, आणि टायो ठरवतो की ह्याला सुखरूप परत आणायचं. फिलिपीन्सच्या जंगलात ते जपान्यांचे कैदी होतात. जखमी रॉकीला ब्लँकेटमध्ये घालून चिखलातून नेताना पाऊस थांबतच नाही, आणि टायो जीव तोडून त्या पावसाला शिव्याशाप देतो. रॉकी मरतो. इकडे गावाकडे मामाही गेलेला असतो. टायो परत येतो तर गावात सहा वर्षांचा दुष्काळ, गवत नाही, जनावरं खंगलेली. आणि त्याची खात्री पटलेली असते की हा दुष्काळ माझ्या तोंडून निघालेल्या शापामुळे.

लष्करी हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणतात हा युद्धाचा धक्का आहे, स्वतःचा विचार कर, 'आम्ही' 'आपण' असं बोलू नकोस. आज आपण याला पीटीएसडी म्हणू, आणि ते चूक नाही. पण कादंबरी तिथे थांबत नाही. ती विचारते, आणि हा प्रश्नच पुस्तकाचा कणा आहे, की टायोचं म्हणणं खरं असेल तर? माणसाच्या शब्दाचा आणि पावसाचा खरोखरच संबंध असेल तर?

आता त्या मधल्या ओळींकडे येऊ.

पानाच्या मधोमध तुकड्या-तुकड्यांनी जी मोठी गोष्ट येते ती थोडक्यात अशी. गावात एक जादूगार येतो, त्याचे चमत्कार बघून लोक भुलतात, मक्याच्या मातेची वेदी सांभाळायची विसरतात. माता रागावते, पाऊस आणि पीक घेऊन खाली निघून जाते. लोक उपाशी. एक हमिंगबर्ड मात्र टुणटुणीत, कारण खाली हिरवळ कुठे आहे ते त्याला माहीत असतं. तो सांगतो, मातेकडे निरोप्या पाठवा. एक मोठी हिरवी माशी तयार केली जाते, दोघं जातात. माता म्हणते आधी गाव शुद्ध करून घ्या, त्यासाठी म्हाताऱ्या गिधाडाला सांगा. गिधाड म्हणतं तंबाखू कुठे आहे? परत खाली, मातेकडे. ती म्हणते सुरवंटाकडे मागा. असे हेलपाटे चालू राहतात, एका कामासाठी दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं, आणि शेवटी गाव शुद्ध होतं आणि पाऊस येतो.

हे वाचताना माझ्या डोक्यात काय आलं असेल ते मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. श्रावणातल्या आदितवारची राणूबाईची कहाणी आठवा. बाप एका मुलीकडे जातो, म्हणतो माझी कहाणी ऐक, ती म्हणते मला वेळ नाही, राजा पारधीला जाणार आहे, आणि तिला दारिद्र्य येतं. दुसरी ऐकते, तिचं बरं होतं. पुढे वाटेत मोळीविक्या, माळी, म्हातारी, जो कोणी ती कहाणी मनोभावे ऐकतो त्याचं भलं होत जातं. म्हणजे कहाणी ही व्रताची माहिती देण्यासाठी नसते, कहाणी ऐकणं हा व्रताचाच भाग असतो, ऐकल्याशिवाय ते पुरं होत नाही. आपली आजी हातात अक्षता घेऊन बसायची ती काही करमणूक म्हणून नाही.

लगुना आणि आपण एकच असं मला अजिबात म्हणायचं नाही, त्यांचं सगळं वेगळं आहे, पण हा एक धागा धरला की 'सेरेमनी' वाचता येते. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच एक शक्ती येते, विचार करणारी स्त्री, जी जाळं विणणाऱ्या कोळी किड्याचं रूप घेते आणि जी जे मनात आणते ते घडतं. निवेदक म्हणतो, ती आत्ता एक गोष्ट मनात आणतेय आणि मी तीच तुम्हाला सांगतोय. म्हणजे आपण वाचतोय ती सगळी कादंबरीच एका विधीचा भाग आहे, आणि वाचक पाटावर बसलाय.

मिथक आणि रोजचं जगणं एकमेकांत कसं विणलंय याचा एकच प्रसंग जवळून बघू, कारण याच्यावरून पूर्ण पद्धत कळते. टायो लहान असताना शाळेतल्या गोऱ्या बाईंनी सांगितलेलं असतं की माशा घाण असतात, रोग पसरवतात. तो घरी येऊन फटाफट माशा मारतो. जोसाया मामा येतो, जमिनीवर मेलेल्या माशा बघतो आणि त्याला सांगतो की फार पूर्वी लोक वाईट वागले, माता रागावली, तेव्हा लोकांच्या वतीने माफी मागायला हिरवी माशी गेली होती. पोरगं घाबरतं, आता काय होणार? मामा त्याला समजावतो की चूक माणसाकडून होते, पुढच्या वेळी गोष्ट लक्षात ठेव म्हणजे झालं. इतकंच. मामा ओरडत नाही, शिक्षा करत नाही. आता पुढे बघा, जंगलात रॉकीच्या जखमांवर माशा बसतात तेव्हा टायोला ते सहन होत नाही, तो त्यांना शाप देतो, हातांनी चिरडतो. त्या क्षणी त्याने मामाची गोष्ट मोडलेली असते, आणि हे तुम्हाला तेव्हाच कळतं जेव्हा तुम्ही मधल्या ओळी वाचलेल्या असतात. नाहीतर ती नुसती युद्धातली एक भयानक ओळ म्हणून निघून जाते.

वाचताना अडचण येते ती काळाची. प्रकरणं नाहीत, आकडे नाहीत, एकाच परिच्छेदात तो गावातल्या खाटेवर असतो, मग जंगलात, मग आठ वर्षांचा. सुरुवातीलाच टायो म्हणतो की त्याच्या आठवणी आजीच्या शिवणाच्या टोपलीतल्या दोऱ्यांसारख्या झाल्यात, लहानपणी त्याने ती रिळं अंगणात नेली, ती घरंगळली, आणि सोडवायला ओढावं तेवढा गुंता घट्ट होत गेला. वाचक म्हणून आपल्यालाही सुरुवातीला तो गुंताच हातात दिलेला असतो, आणि पुस्तक जसजसं पुढे जातं, टायो जसजसा बरा होतो, तसतशी गोष्ट सरळ होत जाते, शेवटची शंभर पानं तर सलग वाचून होतात. तोवर मी एक साधी खूण धरते: प्रसंगात रॉकी किंवा मामा जिवंत आहे का? असेल तर जुनी गोष्ट. आणि जमीन कोरडी आहे की ओली? कोरडी असेल तर बहुतेक आत्ताचं.

आजी गावातल्या वैदूला बोलावते, कुऊश त्याचं नाव. म्हातारा जुन्या भाषेत हळूहळू बोलतो, हे जग नाजूक आहे एवढंच त्याला सांगायचंय, पण तो जो शब्द वापरतो त्यात वाळूच्या टेकड्यांवरच्या वाटांमध्ये विणलेल्या कोळ्याच्या जाळ्यांचा अर्थ आहे, म्हणून प्रत्येक शब्द का निवडला तेही तो सांगतो. परत कोळी, लक्षात घ्या. पण कुऊशचा विधी लागू पडत नाही. तो विधी लढाईत समोरच्याला मारून आलेल्यांसाठी आहे, आणि ह्या युद्धात माणूस कोणाला मारतोय हेच त्याला दिसत नाही. म्हाताऱ्याला अशी लढाई कल्पनेतही येत नाही.

मग गॅलप शहराच्या वर टेकडीवर राहणारा बेटनी हा दुसरा वैदू येतो, मिश्र रक्ताचा, नवाहो या वेगळ्या जमातीचा. त्याच्या होगानमध्ये, म्हणजे नवाहोंच्या पारंपरिक घरात, जडीबुटीच्या जुड्यांशेजारी जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, वर्षावर्षांची कॅलेंडरं आणि कोकच्या बाटल्या. त्याचं म्हणणं असं की विधी पहिल्यापासून बदलतच आलेत, जे बदलत नाही, वाढत नाही ते मेलेलं असतं. आपल्याकडे परंपरा म्हटलं की एक तर जशीच्या तशी जपा नाहीतर फेकून द्या अशी दोनच टोकं असतात, बेटनी तिसरं काहीतरी करून दाखवतो म्हणून तो मला इतका आवडतो. आणि बघा, मिश्र माणूस मिश्र माणसाला बरा करतो. मामाने घेतलेल्या ठिपक्यांच्या मेक्सिकन गाईसुद्धा तशाच, पुस्तकी हिअरफर्ड जातीची जनावरं पवनचक्कीच्या टाकीपाशी पाण्याची वाट बघत मरतात आणि ह्या चिवट गाई निवडुंग खाऊन, पाणी शोधत जगतात. हरवलेल्या त्या गाई टायोला परत आणायच्यात, त्या सापडतात टेलर पर्वतावर, एका गोऱ्याच्या तारेच्या कुंपणाआड. हा पर्वत लगुनांना पवित्र, आणि नकाशावरचं त्याचं नाव अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाचं.

रिझर्व्हेशनवरचं त्या काळचं रोजचं जगणं म्हणाल तर ते हायवे 66 वरच्या बारमध्ये आहे. टायोचे मित्र, हार्ली, लिरॉय, ईमो, रोज पितात आणि वर्दीतले दिवस आठवतात. वर्दी होती तेव्हा गोऱ्या पोरी नाचायच्या, दुकानदार हसून बोलायचे. वर्दी उतरली आणि सगळं बंद. हे कादंबरीतलं दुःख हवेतलं नाही, न्यू मेक्सिकोत नेटिव्ह लोकांना मतदानाचा हक्क मिळाला 1948 मध्ये, तोही इस्लेटा प्वेब्लोचे मिगेल ट्रुहियो यांनी कोर्टात भांडल्यावर, आणि ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलात होते. ईमोकडे एक तंबाखूची पिशवी असते, त्यात मेलेल्या जपानी सैनिकाचे दात. तो ते खुळखुळवतो. हे वाचताना पोटात ढवळतं आणि तसं व्हायलाच हवं.

एका मधल्या कवितेत चेटूक करणाऱ्यांची स्पर्धा होते, प्रत्येक जण भयंकर काहीतरी दाखवतो, आणि एक जण फक्त एक गोष्ट सांगतो, समुद्रापलीकडून गोरे लोक येतील त्याची. बाकीचे म्हणतात ही परत घे. पण सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. ही कविता सिल्कोंनी स्वतः रचलेली आहे, ती जुनी नाही, आणि ती पहिल्यांदा वाचून मला राग आला होता, म्हणजे काय, वसाहतवाद्यांची जबाबदारी संपली? आता मला ते वेगळं दिसतं. गोरे सर्वशक्तिमान आहेत असं मानलं की मग आपल्या हातात काही उरत नाही. बेटनी ती सत्ताच त्यांच्याकडून काढून घेतो, तेही एका मोठ्या दुष्टाव्याची हत्यारं आहेत म्हणतो, आणि ईमोसारखा आपला माणूसही ते हत्यार होऊ शकतो. गोष्टीने झालेलं नुकसान गोष्टीनेच भरायचं.

शेवट युरेनियमच्या बंद खाणीत घडतो. तिथले दगड हातात घेतल्यावर त्यातल्या पिवळ्या रेघा टायोला परागकणांसारख्या दिसतात, आणि पराग त्यांच्या विधींमध्ये पवित्र. इथे सगळे धागे जुळतात. 16 जुलै 1945 ला जगातला पहिला अणुस्फोट झाला तो याच न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, ट्रिनिटी इथे, आणि कादंबरीतल्या आंधळ्या आजीलाही त्या पहाटे तो उजेड जाणवलेला असतो. जंगलात जपानी सैनिकाच्या चेहऱ्यात टायोला आपला मामा दिसला होता, डॉक्टर त्याला भास म्हणाले. पण ज्या भूमीतून युरेनियम निघालं आणि ज्या जपानी शहरांवर अणुबॉम्ब पडले, ती दोन्हीकडची माणसं आता एकाच वर्तुळात आहेत, टायोला दिसलं ते खरंच होतं. लगुनाच्या पगुआटे गावाजवळ जॅकपाइल नावाची खाण खरोखर होती, 1953 ते 1982, जगातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या युरेनियम खाणींपैकी एक. 2013 मध्ये तिचं नाव सुपरफंड म्हणजे देशातल्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेलं. म्हणजे कादंबरी आली तेव्हा खाण चालू होती. हे लक्षात ठेवून ती पानं वाचा.

खाणीत काय होतं ते मी सांगत नाही, एवढंच सांगते की टायोच्या हातात हत्यार असतं आणि त्याने काय करायचं याची एक गोष्ट आधीच कोणीतरी रचून ठेवलेली असते. त्याने ती पुरी करायची की नाही, तिथे सगळं अडतं.

आणखी एक बाजू आहे. पॉला गन ॲलन, ज्यांचं स्वतःचं मूळ लगुनाचं, अशा अभ्यासक-लेखिकेने या पुस्तकावर हरकत घेतली होती, की यातली काही गोष्ट कुळापुरती असते, ती बाहेरच्यांना सांगायची नसते, आणि वर्गात ती शिकवताना त्यांना स्वतःला त्रास झाला. मला ही हरकत गंभीर वाटते. म्हणून मी लगुनांच्या विधींची माहिती या कादंबरीतून गोळा करायला जात नाही, अमुक चिन्हाचा अर्थ तमुक अशी यादीही करत नाही. जेवढं त्यांनी पाटावर बसवून ऐकवलं तेवढं ऐकायचं, हातात अक्षता धरल्यासारखं.

सुरू करणार असाल तर पहाटे करा, हे मी मनापासून सांगतेय. सुरुवातीच्या एका पानावर फक्त एकच शब्द छापलाय, सूर्योदय, आणि शेवटच्या पानावर त्याच सूर्योदयाला हा नैवेद्य स्वीकार म्हणून विनवलंय. त्याच्या थोडं आधी आजी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणते की आता तिला ह्या गोष्टींचं नवल वाटत नाही, सगळ्या आधी ऐकल्यासारख्या वाटतात, फक्त नावं तेवढी वेगळी.